अकरावी सायन्स, नाशिक: बारावीच्या आधीच कॉलेजचे क्रेडिट मिळतात का?

सेकंड_शिफ्ट (रात्री १२:५०)

नमस्कार मंडळी. मी अंबडला एका कंपनीत सीएनसीवर आहे, राहायला सिडकोत. मुलगी यंदा अकरावी सायन्सला, कॉलेज रोडच्या बाजूला. क्लासही तिकडेच. ती सकाळी सहाला घर सोडते, आणि मी सेकंडला असलो की आमची गाठ थेट रविवारी पडते.

तर विषय असा. माझे साडू टेक्ससला असतात. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर सांगत होते, त्यांची मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची, पण तिचे कॉलेजचे १८ क्रेडिट (विषय पास केला की पदवीच्या हिशोबात धरतात ते) आत्ताच जमा झालेत. "एक सेमिस्टर शाळेतच उरकलं," म्हणाले. फोन ठेवल्याठेवल्या मिसेसनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू क्रेडिटचा हप्ता भरायचा मीच विसरलो.

मला माहीत असलेलं क्रेडिट म्हणजे इंटरमिजिएट ड्रॉइंगचे दहावीला मिळणारे वाढीव गुण. ते तिने घेतले. पुढे काय? शाळेने अपार आयडीचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं, संमतीपत्र भरून घेतलं होतं, तेव्हा क्रेडिट बँक असा काहीतरी शब्द कानावर आला होता. त्या बँकेत आत्तापासून काही टाकता येतं, की खातं नुसतंच उघडून ठेवलंय? एका क्लासवाल्याने "क्रेडिट कोर्स" म्हणून १८ हजारांचं पॅकेज सांगितलंय. पैसे भरायच्या आधी विचारतोय.

मुलीचं गणित चांगलं आहे. बायोलॉजी सोडून कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल, म्हणजे २०० गुणांचा व्यावसायिक विषय, घेतलंय. अमेरिकेचं काही ठरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढं खिशातही नाही.

डिप्लोमावाला (सकाळी ७:१५)

काका, ही सोय आपल्याकडे जुनीच आहे, फक्त तिला कोणी क्रेडिट म्हणत नाही. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा करायचा आणि इंजिनिअरिंगला थेट सेकंड इयरला बसायचं. मी तसाच आलो. पण हिशोब करून बघा. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनिअरिंगची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन आणि पुढची तीन, तीही सहाच. वर्ष वाचत नाही, फर्स्ट इयर तेवढं टळतं. हां, तिसऱ्या वर्षी नोकरीपुरता कागद हातात येतो, ही मोठी गोष्ट. आणि मग सेकंड इयरला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, समोर येतो. मी दोनदा दिला.

तुमची गाडी त्या फाट्यावरून पुढे गेलीय. धाकटं कोणी असेल तर लक्षात असू द्या.

गणिताच्या_बाई (दुपारी ३:३०)

मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, सिनिअरलाही तास असतात, म्हणून दोन्ही बाजूंचं सांगू शकते.

आधी तो क्लासवाला. क्लास क्रेडिट देऊ शकत नाही. तुम्ही ऐकलेली क्रेडिट बँक म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, ही यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१ मध्ये आणलेली व्यवस्था. तिथे क्रेडिट विद्यार्थी भरत नाही, क्लासही भरत नाही. त्या बँकेत नोंदणी असलेली संस्था भरते. तेव्हा त्याला एकच विचारा: कोणती संस्था माझ्या मुलीच्या खात्यात किती क्रेडिट टाकणार, हे लेटरहेडवर लिहून द्या. बघा मग काय उत्तर येतं ते.

आता तुमचा खरा प्रश्न. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेलाही क्रेडिट आहेत. वर्षाला १२०० तासांचा अभ्यास, त्याचे ४० क्रेडिट, म्हणजे ३० तासांना एक. ऐकायला छान वाटतं. पण त्याच आराखड्यात पायऱ्या आहेत: बारावीची पातळी ४ आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५. खालच्या पायरीवरचे क्रेडिट वरच्या पायरीवर वळते होत नाहीत. म्हणजे अकरावी-बारावीत कितीही जमवले तरी तीन वर्षांच्या पदवीला जे १२० ते १३२ क्रेडिट लागतात, त्यातून एकही कमी होणार नाही. बायफोकलचंही तसंच. त्याचे २०० गुण बारावीच्या मार्कशीटवर मोजले जातात, तिथेच संपतात.

तरी एक दार थोडं किलकिलं आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी २०२० साली सुरू झाली. तिला जेईई लागत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं. अकरावीची वार्षिक परीक्षा दिली की क्वालिफायरसाठी, म्हणजे तिच्या प्रवेश फेरीसाठी, अर्ज करता येतो. चार आठवडे व्हिडिओ आणि दर आठवड्याच्या असाइनमेंट, मग केंद्रावर जाऊन परीक्षा. पास झाली तर प्रवेश बारावीनंतर. म्हणजे क्रेडिट नाही, पण जागा आधी नक्की होते. यूजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिल्यामुळे इथलं नेहमीचं कॉलेज करून ती सोबत करणारी मुलंही असतात. माझ्या वर्गातल्या दोघांनी क्वालिफायर दिला. एक पास झाला. दुसऱ्याने गणितात नाही, इंग्रजीत मार खाल्ला, हे मुलीला मुद्दाम सांगा.

कॉमर्सची असती तर सीए फाउंडेशनची तात्पुरती नोंदणी दहावीनंतरच करून ठेवा म्हटलं असतं. परीक्षा तिथेही बारावीनंतरच.

दुतोंड्या_मारुती (रात्री ९:०५)

बाईंनी सगळं नियमातून सांगितलं. मी हात पोळलेला माणूस आहे, म्हणून लिहितोय. सध्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, नाशिकमध्येच. कॉलेजचं नाव विचारू नका, अजून एक वर्ष काढायचंय.

बारावीच्या जुलैत मला कुणीतरी सांगितलं की स्वयम या सरकारी पोर्टलवर एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स करता येतात, शिक्षणाची अट नाही, आणि त्याचे क्रेडिट कॉलेजला चालतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त तिसरीला एक शेपूट आहे, ते मला कुणी सांगितलं नाही.

मी "जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथॉन" घेतला. १२ आठवड्यांचा, म्हणजे ३ क्रेडिट. चार आठवड्यांच्या कोर्सला १ आणि आठच्याला २ असतात. व्हिडिओ फुकट, परीक्षेचे हजार रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट, त्यातल्या चांगल्या ८ धरतात. असाइनमेंटचे २५ गुण आणि परीक्षेचे ७५. पास व्हायला पहिल्यात १० आणि दुसऱ्यात ३० पाहिजेत, दोन्ही वेगवेगळे. मधल्या दोन आठवड्यांत आमच्या ज्युनिअर कॉलेजची सहामाही आली, तेव्हा मी रात्री अकराला असाइनमेंट आणि पहाटे ऑरगॅनिक असं केलंय. परीक्षेला बाबांनी स्कूटरवर नेलं. हॉलमध्ये आजूबाजूला सगळे इंजिनिअरिंगवाले, दाढीवाले. पर्यवेक्षकांनी मला विचारलं, "तू कोणासोबत आलास?"

७१ आले. प्रमाणपत्रावर एलिट, म्हणजे चांगल्या गुणांचा शेरा, लिहून आलं. आईने ते लॅमिनेट केलं.

फर्स्ट इयरला ॲडमिशन झाली, गेलो ऑफिसात. खिडकीतल्या मॅडमनी तारीख पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर ॲडमिशनच्या आधीचं आहे." एचओडी (विभागप्रमुख) सरांकडे गेलो. सर चांगले आहेत, त्यांनी बसवून समजावलं. यूजीसीचा २०२१ चा नियम असा, की सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात. पण कोणते कोर्स चालतील हे कॉलेज ठरवतं. त्या यादीतला कोर्स, त्याच सेमिस्टरला, आधी अर्ज देऊन केला तरच क्रेडिट. मी यादी नसताना, सेमिस्टर नसताना आणि कॉलेजच नसताना करून बसलो होतो. सर म्हणाले, "म्हणजे तू लग्नाच्या आधीच बारसं केलंस."

ते ३ क्रेडिट गेले ते गेलेच. सेकंड इयरला रीतसर अर्ज देऊन दुसरा कोर्स केला, त्याचे क्रेडिट काही कुरकुर न होता लागले. पण काका, पहिला कोर्स वाया गेला असंही म्हणवत नाही. फर्स्ट इयरच्या प्रोग्रॅमिंगच्या लॅबला बाकीची मुलं कुठे स्पेस द्यायची यावर भांडत असायची, तेव्हा माझं जर्नल लिहून झालेलं असायचं आणि मी कँटीनला असायचो.

करायचाच असेल तर हजार रुपये. १८ हजार कशाचे घेतात ते?

मूळचा_पंचवटीचा (पहाटे ४:४०, आमच्याकडे संध्याकाळ)

साडूंच्या बाजूने थोडं बोलतो, कारण ते थापा मारत नाहीयेत. टेक्ससमध्ये त्याला ड्युअल क्रेडिट म्हणतात. हायस्कूलमध्ये असतानाच मूल जवळच्या कम्युनिटी कॉलेजचं विद्यार्थी म्हणून नोंदवलं जातं आणि एकच विषय दोन्हीकडे मोजला जातो. एक विषय साधारण ३ क्रेडिटचा. १८ म्हणजे सहा विषय. इकडे पदवीला १२० च्या आसपास लागतात, तेव्हा एक सेमिस्टर म्हणाले ते कमीच सांगितलं. फक्त एक गोष्ट बहुतेक व्हिडिओ कॉलवर आली नसेल: तो ग्रेड कॉलेजच्या कायमच्या रेकॉर्डवर जातो. सोळाव्या वर्षी इतिहासात सी पडला, तर तो बाविसाव्या वर्षीही दिसतो.

दुसरा प्रकार एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. ती कॉलेज बोर्डाची परीक्षा आहे, मे महिन्यात असते, १ ते ५ असा स्कोअर. वर्गात न बसता नुसती परीक्षा देता येते, भारतातूनही, पण घेणारं केंद्र मिळवावं लागतं आणि नोंदणी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर लगेच. अमेरिकेबाहेर एका विषयाला शंभर डॉलरच्या वर. तुमच्या मुलीला कॅल्क्युलस जमेल, आपल्या बारावीचं डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन बरंचसं तेच. कॅल्क्युलसच्याच बीसी या वरच्या पेपरला सिरीज वगैरे जास्तीचं आहे.

पण क्रेडिट देणं युनिव्हर्सिटीच्या मर्जीवर. कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी, यूसी, स्कोअर ३ असला तरी क्रेडिट देते. एमआयटी बीसीमध्ये ५ असेल तर पहिल्या कॅल्क्युलसमधून सुटका करते. कॅलटेक काहीच देत नाही. शिवाय तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सीईटी असते. अमेरिका पक्की नसताना त्या महिन्यात मुलीच्या डोक्यावर आणखी एक परीक्षा ठेवू नका. मी तरी माझ्या भाचीला नाही म्हटलं.

सेकंड_शिफ्ट (रात्री १:१०)

सगळ्यांचे आभार. आजच शिफ्टला जाता जाता क्लासवाल्याकडे थांबलो. बाईंनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तो म्हणाला, "तसं लेखी नसतं सर, पण तुमच्यासाठी १२ हजार करतो." चहा प्यायलो आणि निघालो.

पंचवटीकर, साडूंना विचारलं. सी आहे. इतिहासात नाही, इंग्रजीत. त्यावरून त्यांच्या घरात दोन महिने धुसफूस चाललीय, हे मेहुणीने मिसेसला सांगितलं. आता आमच्या घरचं वातावरण बरंच निवळलंय.

क्वालिफायरचं मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते वार्षिक परीक्षा होऊ दे, मग सुट्टीत बघू. इंग्रजीचं ऐकून जरा गप्प झाली. दुतोंड्या, तिचा तुला एक प्रश्न आहे: बायफोकलला तिला सी++ आहे, पायथॉन अजिबात नाही. तो कोर्स जमेल का?

दुतोंड्या_मारुती (सकाळी ८:२०)

जमेल. शून्यापासून शिकवतात, मला तर सी++ पण येत नव्हतं. ताईला म्हणावं, परीक्षेचे हजार रुपये लगेच भरू नकोस. नाव नुसतं नोंदव, चार आठवडे बघ आणि मग ठरव. आणि असाइनमेंट शेवटच्या रात्री टाकायला ठेवू नकोस. आमच्याकडे नेमकी तेव्हाच लाइट जायची.