मायक्रोटिकवर प्रायॉरिटी १ देऊनही फोनचा आवाज तुटतो

कराडचा_नेटवर्कवाला:
एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो. मायक्रोटिक राउटर, ४० एमबीपीएस फायबर (अप-डाउन सारखंच), ८ आयपी फोन वेगळ्या सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांच्या वेगळ्या गटात), एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा बॉक्स). संध्याकाळी एनव्हीआर फुटेज क्लाउडवर चढवायला लागला की आपला आवाज पलीकडे तुटत जातो. पलीकडचा मात्र आपल्याला स्वच्छ येतो. क्यू ट्रीमध्ये (राउटरच्या रांगांची मांडणी) पॅरेंट, म्हणजे वरची मुख्य रांग, ईथर१ या इंटरनेटच्या पोर्टवर, फोनला प्रायॉरिटी १ (सगळ्यात आधी), एनव्हीआरला ८ (सगळ्यात शेवटी). पॅरेंटचं मॅक्स-लिमिट (कमाल वेग) मोकळं आहे. एनव्हीआरला लिमिट-ॲट (हमीचा वेग) ३० एम, म्हणजे ३० एमबीपीएस, कारण फुटेज अर्धवट राहून चालत नाही. फोनच्या क्यूचा काउंटर (किती ट्रॅफिक गेला तो आकडा) जेमतेम हलतो. ठेवीदारांचे फोन असतात हो, काय राहिलंय?

रूटर_गल्ली:
काउंटर हलत नाही म्हणजे आधी फास्टट्रॅक (पॅकेटना तपासणी टाळून झटपट पुढे सोडणारी सोय) बघा. डिफॉल्ट फायरवॉलमध्ये तो रूल असतोच. फास्टट्रॅक झालेल्या कनेक्शनला मँगल (पॅकेटवर मार्क, म्हणजे खूण, लावणारे रूल) लागत नाही, मग मार्क कुठून येणार आणि पॅकेट फोनच्या क्यूत कसं जाणार? डिसेबल करा.

सातपुडा_वायरलेस:
डिसेबल केल्यावर जुनी कनेक्शन्स क्लिअर करा किंवा राउटर रीस्टार्ट करा, नाहीतर चालू अपलोड तसंच फास्टट्रॅकमधून जात राहील. फास्टट्रॅक नसला की राउटरच्या सीपीयूवर ताण वाढतो, पण ४० एमबीपीएसला त्याची काळजी नको.

पण खरं दुखणं मोकळ्या मॅक्स-लिमिटमध्ये आहे. लाइन कुठे संपते हे राउटरला माहीतच नाही. तो पॅकेट धडाधड पुढे ढकलतो आणि रांग लागते फायबरच्या ओएनयूमध्ये (कंपनीचा फायबर मोडेम). तिथे तुमची प्रायॉरिटी कोण विचारतो? पॅरेंटला ३६ एम द्या, म्हणजे रांग राउटरमध्येच लागेल आणि कोणाला आधी सोडायचं ते तुमच्या हातात राहील. हे थोडे एमबी गेले तर जाऊ द्या, साहेबांना तसं स्पष्ट सांगा.

दुसरं, लिमिट-ॲट. एचटीबी (क्यू ट्रीमागची वेग वाटायची पद्धत) आधी प्रत्येकाचं लिमिट-ॲट भागवतो, तेव्हा प्रायॉरिटी बघत नाही. उरलेलं वाटताना बघतो. तुम्ही एनव्हीआरला ३० एमची हमी दिलीय आणि फोनला काहीच नाही! जी.७११ (आयपी फोनचा नेहमीचा ऑडिओ कोडेक) चा एक कॉल एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस घेतो, आठही फोन चालू असले तरी ७०० च्या आसपास. फोनला लिमिट-ॲट २ एम, एनव्हीआरला ५ एम, दोघांचं मॅक्स-लिमिट ३६ एम. लाइन मोकळी असली की एनव्हीआर पूर्ण वेगाने चढवेलच, फुटेज राहणार नाही.

आणि नो-मार्कची, म्हणजे मार्क नसलेल्या बाकी ट्रॅफिकची, तिसरी क्यू विसरू नका. पतसंस्थेच्या काउंटरवरच्या पीसींचा ट्रॅफिक कुठल्याच क्यूत बसला नाही तर तो ३६ च्या हिशेबाबाहेरून निघून जातो आणि रांग परत ओएनयूत.

रूटर_गल्ली:
राउटरओएस (मायक्रोटिकची सिस्टीम) ७ असेल तर सरळ केक (रांग आपोआप सांभाळणारा क्यूचा प्रकार) लावा की.

सातपुडा_वायरलेस:
घरच्या लाइनला मीही केकच लावतो. पण बँडविड्थ त्यालाही कमी करूनच द्यावी लागते. इथे फोनचं सबनेट वेगळं आहे, मार्क तयार आहेत, तर क्यू ट्रीच ठेवा. उद्या कुणी विचारलं तर कोण किती घेतंय हे क्यूच्या काउंटरवर दाखवता येतं.

कराडचा_नेटवर्कवाला:
सांगितलं तसं केलं. आज अपलोड चालू असताना शाखेत फोन लावला, आवाज एकदम स्वच्छ. एनव्हीआर २५ ते ३० एमच्या मध्ये, फोनच्या क्यूत एकही ड्रॉप नाही. नो-मार्कची क्यू आत्ता टाकतोय, तिला प्रायॉरिटी ४ ठेवली तर चालेल ना?

सातपुडा_वायरलेस:
चालेल. लिमिट-ॲट १० एम द्या. तिन्हींची बेरीज १७ होते, ३६ च्या आत आहे.