लाडापायी काय काय खाऊ घातलंत?

बोक्याची आई, पुणे
आमचा बोका चार दिवस जुलाबाने बेजार होता. सासूबाई गुहागरहून आल्या आणि "मांजर आणि दूध नाही?" म्हणत दोन वेळची वाटी सुरू झाली. मी मनातल्या मनात त्यांना दोष देत होते, पण आइस्क्रीमचा कप चाटायला मीच द्यायचे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचतच नाही. तुमच्याकडून प्रेमापोटी झालेल्या चुका लिहा. उपदेश नकोत, घडलेलं सांगा.

शिऱ्याचा गुन्हेगार, नाशिक
आमच्याकडे सत्यनारायण होता. लॅब्रॅडॉर दिवसभर खोलीत कोंडलेला, म्हणून कीव आली. पाहुणे गेल्यावर त्याला द्रोणभर शिरा दिला, वर कढईच्या तळाचा खरवडलेलाही. बेदाणे सढळ हाताने घातलेले! अर्ध्या तासाने पुतणीने विचारलं, "काका, यात मनुका होत्या ना?" कुत्र्याला द्राक्षं, मनुका, बेदाणे विषारी असतात, हे मला द्राक्षांच्या नाशकात राहून माहीत नव्हतं. रात्री दहाला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. स्टीलच्या ट्रेमध्ये फुगलेले बेदाणे एकेक करून मोजले, तेवीस. मग दोन दिवस सलाईन आणि मूत्रपिंडासाठी पुन्हा पुन्हा रक्ततपासणी. डॉक्टरांचं म्हणणं असं की किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखाद्याला थोडक्यावरही बाधतं. वाचला. आता आमच्याकडे प्रसाद बिनबेदाण्याचा होतो, गुरुजी काय म्हणायचं ते म्हणोत.

मळेवाला
आमचा मोत्या ताक-भाकरीवर तेरा वर्षं जगला. शहरात लाड जास्त आणि चालणं कमी, एवढंच.

कोल्हापूरकर
मळेवाले, तुमचा मोत्या बांधावरचे उंदीर-घुशी पण खात असणार, ते तुम्ही धरलंच नाही. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा गडी चपाती-दुधावर होता, वर्षभरात कातडीला कोंडा आणि केस निस्तेज. आता उकडलेलं चिकन, भात, थोडा लाल भोपळा, आठवड्यातून तीन अंडी. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही. सगळ्यात अवघड गेलं ते तांबड्या रश्श्यातलं हाड बंद करणं. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार चिपा होतात, तशी एक त्याच्या टाळूत आडवी बसली होती. तोंडात हात घालून काढली, अंगठ्यावर दाताचा व्रण अजून आहे.

सशाची ताई, ठाणे
दुकानदार म्हणाला "गाजर द्या", म्हणून रोज गाजर आणि दुकानातले रंगीत दाणे. एके सकाळी पिंजऱ्यात एकही लेंडी नाही, ससा कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेला, आवडीची कोथिंबीरसुद्धा हुंगेना. मी म्हटलं संध्याकाळपर्यंत बघू. डॉक्टर चिडल्याच! सशाचं आतडं सतत चालू लागतं, तो अर्धा दिवस उपाशी राहिला तरी जीवावर बेततं. त्याचं मुख्य जेवण सुकं गवत, दिवसभर आणि हवं तेवढं. दातही आयुष्यभर वाढतात, ते गवत चघळूनच झिजतात. आता गॅलरीतल्या कुंडीत हरळी लावलीय, गाजर म्हणजे रविवारची जिलबी.

काचपेटी
चकचकीत करायच्या नादात मी माशांच्या टाकीतलं सगळं पाणी काढलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि थेट नळाचं पाणी भरलं. तीन दिवसांत चार गोल्डफिश गेले. घाण म्हणून धुतलं ते माशांची विष्ठा पचवणारे जिवाणू होते, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळंच. आता आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदलतो, तेही क्लोरीन मारणारे थेंब टाकून. मुलाला "भूक लागलीय बघा" म्हणून चिमटी-चिमटी टाकायची सवय होती, तो खाद्याचा डबा मात्र कपाटात गेलाय.

दोन घरचा पाहुणा
खाण्याचं नाही, पण लिहितो. पावसाळ्यात कुत्र्याला गोचिडीचे थेंब लावले, नळीत थोडं उरलं म्हणून मांजरीच्या मानेवर टाकलं. दोन तासांत ती थरथरायला लागली. त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं, कुत्र्याला चालतं, मांजराला जीवघेणं. पाकिटावर मांजराच्या चित्रावर फुली होती. चष्मा नव्हता.

मिरचीवाली
आजीकडे पिंजऱ्यात राघू होता, पेरू आणि हिरवी मिरची खायचा. मोठेपणी मलाही हवा होता. पण आपले देशी पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) बंदी आहे, म्हणून बजरीगर, म्हणजे छोटे परदेशी पोपट, आणले. त्यांना नुसते राळे घालत होते. आता पालक, कोथिंबीर आणि समुद्रफेणीचा (माकूळ माशाच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडाही असतो, तो कुरतडण्यात त्यांची दुपार जाते.

बोक्याची आई, पुणे
बेदाणे वाचून फ्रीजवरची बरणी आधी वर ठेवली, शेजारी कुत्रा आहे. बोका ठीक आहे. सासूबाई आता बिनमिठाचा बांगडा उकडून, काटे काढून त्याला भरवतात, आणि मला बजावतात, "दूध देऊ नकोस हो त्याला, सोसत नाही."