कार्टूनमध्ये खरी माणसं घातली की गोष्टीचा जीव का जातो? (फुकटफौजदारांना उत्तर)

तळ्यातमळ्यात

‘सध्या काय बघताय’ धाग्यावर फुकटफौजदार यांनी परवा एक पिंक टाकली: "कार्टूनवरून खऱ्या माणसांची मालिका काढली की फॅन लोकांची रडारड ठरलेली. तिशी उलटली तरी बालपण सुटत नाही. ब्रह्मदेवाने काढली तरी नावंच ठेवतील." तिथे दोन ओळी लिहायला बसले, त्या आवरेनात, म्हणून वेगळा धागा.

पहिलं म्हणजे बालपण मध्ये आणू नका. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही कार्टून मालिका (पाणी, माती, आग, हवा हलवायची विद्या असलेल्यांचं जग, सगळ्यांवर युद्ध लादणारं अग्निराष्ट्र, आणि शंभर वर्षं बर्फात गोठलेला, चारही विद्यांचा वारस ‘अवतार’ म्हणजे आंग हा हवावाला पोरगा) मी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझा पीएफ कापला जात होता. ६१ भाग, तीन पर्वं, दोन आठवड्यांत फडशा. त्यानंतर त्यावरून खऱ्या माणसांना घेऊन काढलेला २०१० चा श्यामलनचा सिनेमा बघितला आणि रिमोट हातात धरून बसून राहिले.

मूळ मालिकेत अग्निराष्ट्राने भूमीवाल्यांना, म्हणजे माती-दगड हलवणाऱ्यांना, समुद्रातल्या धातूच्या तळावर डांबलंय. का? तर तिथे माती नाही, त्यांची विद्या चालणार नाही. सिनेमात त्यांना डांबलंय चक्क जमिनीवर, आजूबाजूला दगडधोंडे. मग आंग येऊन सांगतो की अहो, तुमच्या पायाखालीच माती आहे! इतका वेळ कुणाच्या लक्षात आलं नव्हतं? त्यानंतर सहा जण मिळून कवायत करतात आणि एक दगड, एकच, हवेतून संथपणे जातो.

मूळ मालिकेत प्रत्येक विद्येला वेगळी युद्धकला दिली होती. पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, आगीला उत्तर शाओलिन, हवेला बाग्वा. हात हलला की त्याच क्षणी पाणी हलायचं. सिनेमात आधी हातवारे होतात, मग सगळे एसटीची वाट बघावी तसे उभे राहतात, मग ज्वाळा येते. वर अग्निवाल्यांना आग काढायला शेजारी पेटलेली मशाल लागते. मग भीती कसली त्यांची? मशाल विझवा, युद्ध संपलं.

आता २०२४ ची नेटफ्लिक्सची मालिका. दिसायला कितीतरी बरी, नाकारत नाही. पण मुळात आंग शंभर वर्षांनी आपल्या मठात उड्या मारत जातो, मित्रमैत्रिणींना सगळं कौतुकाने दाखवतो आणि तिथे त्याला ग्यात्सोचा, त्याच्या गुरूचा, सांगाडा सापडतो. अग्निराष्ट्राने आपल्या सगळ्या हवावाल्यांची कत्तल केली हे तेव्हा त्याला कळतं, तेव्हाच आपल्याला. नेटफ्लिक्सने ती कत्तल पहिल्याच भागात दाखवून टाकली. म्हणजे आंगच्या आधी प्रेक्षकाला सगळं ठाऊक. पुढे तो मठात गेला काय आणि न गेला काय. शिवाय मुळात तो अवतारपणाची जबाबदारी नको म्हणून मठातून पळून गेलेला असतो, त्याचं ओझं त्याच्यावर आहे. इथे तो डोकं शांत करायला जरा फेरफटका मारायला निघालेला. एवढा मोठा अपराधीभाव उचलून फेकला!

बदल केले म्हणून राग नाही. ज्या खिळ्यावर गोष्ट टांगली होती तोच उपटला, याचा राग आहे.

फुकटफौजदार

पिंक! बरं. तुमचा प्रबंध वाचला. एवढी वर्षं झाली तरी सहा माणसं आणि एक दगड डोक्यातून जात नाही, यातच माझा मुद्दा सिद्ध होतो.

बदलाचा राग नाही म्हणता? २०२४ ची मालिका यायच्या आधी कलाकार मुलाखतीत म्हणाले की आंगचा मित्र सोक्का बायकांना कमी लेखतो तो भाग जरा सौम्य केलाय. झालं, एकही दृश्य न बघता बोंबाबोंब. आणि ज्या सिनेमाच्या नावाने खडे फोडताय तो साधारण १५ कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात ३१ कोटींच्या वर कमावून गेला. तिकिटं कुणी काढली, माझ्या आत्याने? शिव्या देता आणि रांगेतही पहिले तुम्हीच.

तळ्यातमळ्यात

रांगेत नव्हते, टीव्हीवर बघितला. त्यातला अर्धाअधिक गल्ला थेटरवाले घेतात, जाहिरातीचा खर्च वेगळा. तीन सिनेमे काढायचे ठरले होते. दुसरा आणि तिसरा कुठेय, दाखवा.

सोक्काचं म्हणाल तर तो आधी गाढव आहे म्हणूनच सुकी ही लढवय्यी पोरगी त्याला आपटते आणि मग तो तिच्यासमोर गुडघे टेकून, तिच्या लढवय्या पोरींचाच झगा आणि रंग चढवून, शिकव म्हणतो. मुळात शहाणाच असेल तर शिकायचं काय त्याने?

न्यूजर्सीकर

दोघेही भावनेच्या भरात लिहिताय. साधं गणित आहे. पहिल्या पर्वाचे २० भाग, नेटफ्लिक्सकडे ८. काहीतरी कापावंच लागणार. वेळच नाही हो.

कढीपत्ता

गणितच करायचं तर नीट करा साहेब. २० भाग गुणिले साधारण २३ मिनिटं म्हणजे साडेसात तास. नेटफ्लिक्सचे ८ भाग तासाच्या आसपासचे, म्हणजे एकूण सात तासांच्या घरात. अर्ध्या तासासाठी एवढी कापाकापी? वेळ होता. तो गेला एकमेकांसमोर उभं राहून ‘तू अवतार आहेस, तुझ्यावर जगाची जबाबदारी आहे’ हे सांगण्यात. आंगचं पेंग्विनवरून घसरणं गेलं. पोरगं पोरगं वाटायचं ते त्या घसरण्यामुळे.

पण तळ्यातमळ्यात, तुम्हीही नेटफ्लिक्सवर अन्याय करताय. झुकोच्या, म्हणजे अग्निराष्ट्राच्या हद्दपार राजपुत्राच्या, जहाजावरचे सैनिक म्हणजे त्याने ज्यांच्यासाठी बापाशी वाद घातला तीच ४१ वी तुकडी, ही भर मुळात नव्हती. आणि ती मुळापेक्षा सरस आहे. बोला.

तळ्यातमळ्यात

ती चांगली आहे. घ्या, दिला एक गुण. आठ भागांत एक.

गोरेगावचा_रोटो

मी या व्हीएफएक्सच्या, म्हणजे पडद्यावरच्या संगणकी करामतींच्या, धंद्यातला आहे म्हणून तोंड उघडतो. बाहेरच्या मोठ्या मालिकांचं रोटो (फ्रेममधून माणूस कापून काढणं), पेंट (नको ते पुसणं), कॉम्प (सगळे तुकडे जोडणं) आपल्याकडे मुंबई-पुण्यात ढिगाने होतं. फॅन ओरडतात ‘व्हीएफएक्स घाण’. अरे, शॉट आमच्याकडे येतो तेव्हा मागे हिरवा पडदा, समोर नट काठीवरच्या टेनिस बॉलकडे बघतोय, प्रकाश कुठून येतोय हे सेटवरच कुणी ठरवलेलं नाही. मग पंधरा व्हर्जन. शेवटी क्लायंट पहिलंच व्हर्जन पसंत करतो. रात्री तीनला. ओव्हरटाइम विचारला तर ‘पॅशन हवं’ म्हणतात. या जागी मी तीन पानं लिहू शकतो, पण सोडा.

मूळ मुद्दा असा की चित्रात राक्षस आणि चहाचा कप, दोन्ही पेन्सिलनेच निघतात. खऱ्या माणसांत कप फुकट आणि राक्षसाचं मिनिटागणिक बिल. म्हणून तो आंगचा सहा पायांचा उडता प्राणी अप्पा सतत ‘बाहेर विश्रांती’ घेत असतो. लिहिणाऱ्याला अक्कल नाही असं नाही, त्याच्या हातात एक्सेल शीट असते.

दुसरं, चित्रातली मारामारी वेगवान वाटते कारण मधल्या फ्रेम गाळलेल्या असतात. सेकंदाला २४ फ्रेम, पण चित्रं बारा, जपानी असेल तर कधी आठच. डोळा मधलं भरून काढतो. खरा माणूस चोवीसही फ्रेममध्ये हाडामांसाचाच दिसतो. म्हणून तीच उडी तारेवर लटकल्यासारखी वाटते. लटकलेलाच असतो म्हणा.

न्यूजर्सीकर

मग ‘वन पीस’ या जपानी चाचेकथेची खऱ्या माणसांची मालिका कशी जमली? तिथेही रबरासारखा ताणणारा पोरगाच आहे.

तळ्यातमळ्यात

कारण त्यांना लाज वाटली नाही! गोगलगायीचा टेलिफोन आहे म्हणजे गोगलगायीचाच ठेवला, रबरी बाहुला करून. केपटाऊनला खरी जहाजं बांधली. मूळ कथेचा जनक ओदा स्वतः निर्मात्यांत बसला होता. २०२३ मध्ये आली आणि मूळ कथेला पंचवीस वर्षं चिकटलेले लोकसुद्धा खूश. ‘मोठ्या माणसांसाठी गंभीर करू या’ हा आजार त्यांना झाला नाही. अवतारचे मूळ जनक दोघे नेटफ्लिक्सबरोबर होते, २०२० मध्ये सोडून गेले. बाकी काय सांगू.

कढीपत्ता

‘मूळ माणूस बसवला की जमतं’ हा सिद्धांत आमच्या घरात टिकला नाही. २०२४ ला छोटा भीमचा खऱ्या माणसांचा सिनेमा आला, दिग्दर्शक खुद्द भीमचा जनक राजीव चिलका, सोबत अनुपम खेर. लेकाला घेऊन गेलो. मध्यंतराआधी तो माझ्या मांडीवर झोपला. घरी आल्यावर जुना कार्टूनवाला भीम लावून बसला, लाडूसकट.

आणि लाज न वाटल्याने जमतं म्हणाल तर ‘काउबॉय बीबॉप’ या जपानी कार्टूनची नेटफ्लिक्सवरची खऱ्या माणसांची मालिका घ्या. केस तसेच, कपडे तसेच, संगीत मूळ मालिकेच्याच योको कान्नोचं. २०२१ च्या नोव्हेंबरात आली, तीन आठवडे व्हायच्या आत बंद केली. मूळ दिग्दर्शक वातानाबे म्हणाला की सुरुवातीच्या दृश्यापुढे बघवलंच नाही.

तळ्यातमळ्यात

तिथे पोशाख उचलला आणि शांतता टाकून दिली. मूळ २६ भागांत खलनायक व्हिशस मोजक्या भागांत येतो, म्हणून त्याची सावली पडते. यांनी त्याला भागाभागात आणून घरगुती भांडणं करायला लावली. खलनायक रोज दारात आला की तो पेपरवाला होतो.

सांगलीची_मावशी

तुम्ही सगळे चेहऱ्यावर अडकलाय, मला आवाज आठवतो. दूरदर्शनवर रविवारी जंगल बुक लागायचं, जपानी मालिका, पण शेरखान बोलायचा नाना पाटेकरच्या आवाजात. आणि गुलजारचं चड्डी पहन के फूल खिला. २०१६ ला खऱ्या पोराचा सिनेमा आला तेव्हा हिंदीत शेरखानला परत नानाच. थेटरात तो पहिलं वाक्य बोलला आणि माझ्या अंगावर काटा आला. मला तरी तो सिनेमा परका वाटला नाही. चित्रं बदला, आवाज बदलू नका.

न्यूजर्सीकर

मावशी, तो सिनेमा त्या जपानी मालिकेवरून नव्हताच. डिस्नेच्या १९६७ च्या कार्टूनवरून होता. आणि माफ करा, पण डब केलेलं बघणं म्हणजे मूळ कलाकृतीचा अपमान. सबटायटल लावून मूळ भाषेत बघा.

सांगलीची_मावशी

असेना डिस्नेवरून. काटा माझ्या अंगावर आला, डिस्नेच्या नाही.

आणि सबटायटलचं मला सांगू नका. माझ्या सासूबाई ऐंशीच्या आहेत, मोतीबिंदू झालाय, त्यांनी जपानी ऐकत इंग्रजी वाचायचं का?

फुकटफौजदार

अखेर एका माणसाने कामाचं लिहिलं. माझी खरी तक्रार हीच. हिंदीत सगळं येतं. डोरेमॉन हिंदीत, शिनचॅन हिंदीत. आमच्या सोसायटीतली पोरं खाली खेळताना आपसात हिंदी बोलतात, आईबाप दोन्हीकडून कऱ्हाडचे! मराठीत कोण आणणार? इथे अवतार-बिवतार घेऊन भांडणारे शंभर, मराठी डब मागणारा एक नाही.

न्यूजर्सीकर

मराठी डब झाला तर किती विनोदी वाटेल, कल्पना करा. ‘थांब झुको, मी तुला सोडणार नाही!’

फुकटफौजदार

यात विनोदी काय आहे? इंग्रजीत म्हटलं की गंभीर आणि मराठीत म्हटलं की फार्स? तिकडे राहून हे सुचतं बरं. आमच्या मराठी रंगभूमीवर एकेक आवाज असा आहे की झुको काय, अख्खं अग्निराष्ट्र उभं करेल.

न्यूजर्सीकर

‘तिकडे राहून’ हे वैयक्तिक आहे. माझ्या मुली दर शनिवारी मराठी शाळेत जातात. तुमच्या सोसायटीतली कुठे जातात ते तुम्हीच लिहिलंत.

गोरेगावचा_रोटो

डबिंगवाल्यांना काय पैसे मिळतात ते विचारा आधी, मग अग्निराष्ट्र उभं करा.

कढीपत्ता

दाक्षिणात्य मारधाडपट मराठीत डब होऊन दुपारी लागतात. आमच्या शेजारच्या आजी आवडीने बघतात. कुणालाही हसू येत नाही. फक्त ओठ आधी हलतात.

सांगलीची_मावशी

ओठांकडे कोण बघतंय. सासूबाईंना विचारलं, मराठीत शेरखान कुणाच्या आवाजात हवा? म्हणाल्या, निळू फुले. म्हटलं ते गेले हो. म्हणाल्या, मग कशाला विचारतेस.

तळ्यातमळ्यात

धागा माझा होता अशी एक अंधूक आठवण आहे. डबिंगवर बावीस प्रतिसाद, अवतारवर बोलायला कुणी नाही. गोरेगावकर, तुमचा पेन्सिलचा मुद्दा पटला, पण सांगाड्याचं दृश्य मठात ठेवायला एक्सेल शीटमध्ये किती जास्त खर्च आला असता? उलट कत्तलच महाग पडली असणार. तिथे पैसा आडवा आला नाही, लेखकच आडवा आला.

गोरेगावचा_रोटो

हां, हे मान्य. सांगाडा स्वस्तच पडतो. कत्तलीचे शॉट मात्र कुणाला तरी रात्री तीनला करावे लागले असतील, त्याच्याबद्दल एक ओळ लिहा की.

फुकटफौजदार

तळ्यातमळ्यात, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री मूळ कार्टून लावलं, मठाच्या भागापर्यंत. ठीक आहे. रडलो वगैरे नाही. बायकोने विचारलं डोळ्याला काय झालं, तर पंखा जोरात होता.

मराठीत असतं तर आणखी बरं वाटलं असतं, हा माझा मुद्दा कायम आहे. न्यूजर्सीकर यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

न्यूजर्सीकर

व्यनि वाचला. तो इथेच सगळ्यांसमोर लिहायची हिंमत आहे का?