मदत हवी आहे: धंद्यासाठी चालवलेल्या गाडीचे मैल टॅक्समध्ये कसे दाखवायचे? (न्यू जर्सी)

नमस्कार. आम्ही एडिसनला राहतो. मी एच-४ ईएडीवर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळालेल्या कामाच्या परवान्यावर) आहे आणि २०२५ च्या जानेवारीपासून बारसं, डोहाळजेवण, मुंज अशा कार्यक्रमांचं डेकोरेशन करून देते. कंपनी काढलेली नाही, उत्पन्न शेड्यूल सी वर (स्वतःच्या धंद्याचा नफा-तोटा दाखवायचा टॅक्सचा फॉर्म) दाखवणार आहे. सामान बेसमेंटमध्ये असतं, आणि ऑर्डरी, कोटेशन, हिशेब हे सगळं तिथल्याच एका टेबलावर चालतं. मिनीव्हॅन एकच. तिच्यातूनच स्टँड, फुलांचे क्रेट, समया जातात, तिच्यातूनच मुलं पोहायला जातात आणि नवरा स्टेशनवर जातो.

टॅक्स भरून देणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "दहा हजार मैल टाकू, कोण विचारतंय!" मला हे अजिबात पटलेलं नाही. शेड्यूल सी च्या चौथ्या भागात सरळ विचारलंय की मैलांचा पुरावा आहे का, आणि असेल तर लेखी आहे का. त्याखाली माझी सही जाणार. आमचं ग्रीन कार्डचं काम चालू आहे, पण ते नसतं तरी मी असा आकडा टाकला नसता.

माझ्या डायरीत प्रत्येक ऑर्डरची तारीख, पत्ता आणि कार्यक्रम लिहिलेला आहे. मैल लिहिलेले नाहीत. ते आता नकाशावरून काढले तर चालतील का? घरून ग्राहकाकडे जाणं धरायचं की ते 'कम्यूट' होतं? येताना मुलांना क्लासहून घेतलं तर त्या फेरीचं काय करायचं? आणि पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंगच्या पावत्या जमवून खरा खर्च दाखवणं जास्त फायद्याचं असतं का? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

ताळमेळ:
ताई, आधी घराचं बघा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. साधारण नियम असा की घर ते कामाची जागा हे कम्यूट, ते मिळत नाही. पण घरातली ठरावीक जागा नियमितपणे फक्त धंद्यालाच वापरत असाल, ऑफिसचं काम तिथेच होत असेल आणि त्यासाठी दुसरी ठरलेली जागा नसेल, तर घर हेच तुमचं धंद्याचं मुख्य ठिकाण. मग घरून पार्सिपनीला ग्राहकाकडे जाणं-येणं पूर्ण धंद्याचं. मात्र त्या टेबलावर मुलांचा गृहपाठ होत असेल तर ही अट मोडते.

मैलांवरून वजावट काढायची तर २०२५ चा सरकारी दर मैलाला ७० सेंट आहे (२०२४ चा ६७ होता). जाऊन-येऊन साठ मैल धरा, ४२ डॉलर झाले. त्यात पेट्रोल, इन्शुरन्स, दुरुस्ती, घसारा सगळं आलं, ते पुन्हा वेगळं लावायचं नाही. कामासाठी भरलेला टोल आणि पार्किंग मात्र वरून मिळतं, म्हणून ई-झेडपासची (टोल आपोआप कापणाऱ्या खात्याची) स्टेटमेंट उतरवून ठेवा. दंडाची पावती धरता येत नाही. ही वजावट नफ्यातून जाते, त्यामुळे इन्कम टॅक्सबरोबर १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही (स्वतःच्या धंद्याच्या नफ्यावर लागणारा वेगळा कर) कमी होतो. खरे मैल नीट लिहिले तरी पुष्कळ वाचतं, फुगवायची गरजच नाही.

सोनटक्का:
मुलांना घेण्यासाठी वाट वाकडी केली असेल तर तेवढे जादा मैल घरचे, बाकीचे धंद्याचे. नवऱ्याच्या स्टेशनच्या फेऱ्या धंद्यात धरायच्या नाहीत. फॉर्मवर धंदा, कम्यूट आणि इतर असे तीन आकडे मागतात, त्यामुळे वर्षाचे एकूण मैलही लागतील. सर्व्हिसिंगच्या बिलावर ओडोमीटरचा आकडा छापलेला असतो, ती बिलं शोधा.

ताळमेळ:
डायरीबद्दल: तारीख, ठिकाण आणि कारण तुम्ही त्या त्या वेळीच लिहिलं आहे, हाच अवघड भाग होता. मैल नकाशावरून काढा, पण तक्त्यावर 'अंतर नंतर मोजलं' असं स्पष्ट लिहा. वेळच्या वेळी केलेल्या नोंदीला जास्त वजन असतं, म्हणून यापुढे निदान दर आठवड्याला लिहीत चला. रिटर्न भरल्यापासून किमान तीन वर्षं हे सगळं जपून ठेवा.

खऱ्या खर्चाची पद्धत महाग गाडीला, कमी मैल असताना परवडते. तुमची गाडी स्वतःची असेल तर पहिल्या वर्षी मैलांचा दर घ्या, पुढे खर्चाच्या पद्धतीवर जाता येतं. उलट केलं, तर त्या गाडीला मैलांचा दर पुन्हा मिळत नाही. लीजवर असेल तर मैलांचा दर घेतल्यावर लीज संपेपर्यंत तोच ठेवावा लागतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार. गाडी लीजची नाही, आमचीच आहे. टेबल फक्त कामाचंच आहे, मुलं वर अभ्यास करतात. अजून एक: नुसतं फुलं आणायला गेले, त्या दिवशी कार्यक्रम नव्हता, तर ती फेरी धरायची का?

सोनटक्का:
हो, धरायची. ऑर्डरसाठी फुलं आणणं हे धंद्याचंच काम. कारणाच्या रकान्यात कुठल्या ऑर्डरची फुलं ते लिहा आणि फुलांची पावती त्याच तारखेला लावून ठेवा. त्याच फेरीत घरची भाजी आणायला पुढे गेलात, तर ते पुढचे मैल सोडा.