सल्ला हवा: ट्रकचालकांच्या वैद्यकीय तपासणीसाठीची परीक्षा (अमेरिका)

एडिसनची_डॉक:
न्यू जर्सीत अर्जंट केअरला आहे. ट्रक-बसवाले डीओटी फिजिकलला (वाहतूक खात्याच्या सक्तीच्या वैद्यकीय तपासणीला) येतात, पण रजिस्ट्रीवरची, म्हणजे ही तपासणी करायची मान्यता असलेल्यांच्या सरकारी यादीतली, परीक्षक एकच. ती रजेवर असली की त्यांना परत पाठवावं लागतं. म्हणून मीही त्या यादीत येण्याची परीक्षा द्यायची म्हणतेय. एमडी असल्यावर कोर्स टळतो का? नसेल तर कुठला घ्यावा?

नाना_ह्यूस्टन:
टळत नाही, ताई. एमडी असो, नर्स प्रॅक्टिशनर असो की कायरोप्रॅक्टर, प्रशिक्षण सगळ्यांना, आणि तेही परीक्षेआधीच्या 3 वर्षांतलं. कोर्स ऑनलाइन कुठलाही घ्या, फक्त परीक्षकांसाठीच्या 2024 च्या सरकारी हँडबुकप्रमाणे आहे ना, एवढं विचारून घ्या. फुकट फिरणाऱ्या जुन्या नोट्सच्या नादी लागू नका. इन्सुलिनवाल्या चालकाला खास सूट मागावी लागते असं त्यांत अजून असतं. ते 2018 मध्येच गेलं. आता त्याचा नेहमीचा डॉक्टर 5870 फॉर्म भरतो आणि त्या सहीपासून 45 दिवसांत आपली तपासणी सुरू व्हावी लागते. एका डोळ्याने अधू असलेल्यांचे नियमही 2022 मध्ये बदलले.

कोकणी_पीए:
नानांना +1. पेपर 120 प्रश्नांचा, 2 तास. त्यातले 20 नुसते चाचपणीचे, गुण नाहीत. पण कुठले ते कळत नाही. वेळ पुरतो. घोळ होतो तो रक्तदाबात. एरवी 130/80 च्या वर गेलं की आपल्या कपाळाला आठ्या. इथे 140/90 च्या खाली आणि बाकी सगळं ठीक, तर 2 वर्षांचं सर्टिफिकेट. 140-159 किंवा 90-99 असेल तर 1 वर्ष. 160-179 किंवा 100-109 ला 3 महिने, तेही एकदाच. 180 किंवा 110 ला पोचला की गाडी उभी. क्लिनिकमधलं डोकं बाजूला ठेवून द्या पेपर.

एडिसनची_डॉक:
लघवी घेतोच आपण, मग ड्रग टेस्टही त्यातच का?

नाना_ह्यूस्टन:
छे, ती वेगळी, नमुनाही वेगळा. ही फक्त प्रोटीन, रक्त, साखर आणि विशिष्ट गुरुत्वासाठी. चालक हमखास गल्लत करतात, तेव्हा फ्रंट डेस्कलाही सांगून ठेवा. अवांतर: पास झालात की टंकायची सवय करा. तपासणीचा निकाल दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रजिस्ट्रीच्या साइटवर चढवायचा असतो, शनिवार-रविवार धरून. मी तरी शुक्रवारी दुपारनंतर फिजिकल घेतच नाही.

एडिसनची_डॉक:
आभार दोघांचे. 2024 चं विचारणारी मेल कोर्सवाल्यांना आत्ताच टाकते.