गाण्यात न सापडणारे शब्द : ओलांडा, रहाड, गोल्टी वगैरे

कुणाच्या ना कुणाच्या तोंडी रोज असतात, पण लोकप्रिय मराठी गाण्यात ऐकल्याचं आठवत नाही, असे शब्द गोळा करू या. शब्दकोशातून उकरून काढलेले नकोत. 'किंकर्तव्यमूढ' गाण्यात येत नाही यात नवल नाही, तो बोलण्यात तरी कुठे येतो? शब्द चालता-बोलता हवा आणि सांगणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा.

सुरुवात मीच करतो. नाशिकचा आहे, तेव्हा पहिला शब्द द्राक्षबागेतला: ओलांडा. वेलाचं खोड मांडवापर्यंत चढवलं की त्याचा जो आडवा हात तारेला बांधतात, तो ओलांडा. ओलांड्यावर काड्या, काडीवर डोळे, डोळ्यातून फूट आणि फुटीवर घड. जरा मोठ्याने म्हणून बघा: ओ-लां-डा. तिन्ही अक्षरं दीर्घ, शेवटी सरळ आकार. हवी तेवढी तान घ्या, तक्रार करणार नाही. तरी कुणी गायलेला नाही. गाण्यातलं द्राक्ष नेहमी पिकलेलंच असतं, ते कुणी छाटलं, कुणी बांधलं, याची चौकशी होत नाही.

दुसरा त्याच बागेतला: घड जिरणे. बागेची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलची ती खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची ती गोडी छाटणी. (काय नाव आहे! आणि हे गीतकारांच्या हाती नाही, कृषी सेवा केंद्राच्या फलकावर.) गोडी छाटणीनंतर नवी फूट निघते आणि तिच्यात बारीकसा घड दिसू लागतो. नेमकं तेव्हा आभाळ भरून राहिलं, ऊन मिळालं नाही, की तो घड वाढायचा थांबतो आणि त्याची बाळी होते. बाळी म्हणजे वेल तारेला धरायला जो दोऱ्यासारखा तंतू सोडतो, तो. मग शेतकरी फांदी हातात धरून एवढंच म्हणतो, "जिरला." पाणी जमिनीत जिरतं, अन्न पोटात जिरतं, एखाद्याची मस्ती जिरते, तसं पीक वेलातच जिरतं. विरहाची इतकी गाणी झाली आणि हे क्रियापद अजून कुणाला सुचू नये?

तिसरा शब्द गावातला: रहाड. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. जमिनीत दगडाने बांधून काढलेले हे पेशवेकालीन हौद. वर्षभर त्यांच्यावर लाकडं टाकून माती पसरलेली असते आणि वरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात. नवख्या माणसाला आपण कशावर उभे आहोत याचा पत्ता नसतो. दिल्ली दरवाजा, तिवंधा, शनी चौक, जुनी तांबट लेन अशी त्यांची ठिकाणं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आधी पूजा, मग पोरं काठावरून अंग झोकून देतात, त्या उडीला धप्पा म्हणतात. पाणी काठाबाहेर किती उडालं त्यावर धप्प्याची किंमत. आणि हे चाललेलं असताना चौकात लाऊडस्पीकरवर गाणी कुठली? पिचकारीची, हिंदी.

तर मंडळी, तुमचे शब्द सांगा.

गंगापूर रोडवरून प्रतिसाद: शब्द चांगले आहेत, पण गाण्यात न येण्याचं कारण साधं आहे. ते गेय नाहीत. ड, ठ, ळ ही अक्षरं सुरात खडखडतात. गीतकार मुद्दामच टाळतो.

हे पटत नाही. 'सागरा प्राण तळमळला' हे भगूरच्याच माणसाचं, म्हणजे आपल्या शेजारच्याचं. 'तळमळला' या एका शब्दात दोन ळ, आणि तोच ध्रुवपदाचा शेवट. 'साधी माणसं' (1965) मधल्या ऐरणीच्या गाण्यात 'ठिणगी ठिणगी' असं ठ दोनदा आपटतं, आणि ते तिथे आपटायलाच हवं. शेवट व्यंजनाचा असला की सूर धरता येत नाही, हाही मुद्दा कुणी मांडेल. मग 'पदर', 'नजर', 'पाऊस' यांचं काय? बोलताना शेवटचा अ आपण गिळतो, गाताना तो मोकळा करतो. अभंग म्हणणारा प्रत्येक जण हे न शिकवता करतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. कुठलंही गाणं लागलं की विचारा, गाणारा पोटासाठी काय करतो? 'साधी माणसं'मध्ये गाणारं जोडपं लोहाराचं, म्हणून ऐरण आली, भाता आला. कोळीगीतात गाणारा मासेमार, म्हणून नाखवा आला, डोलकर आला. आता गेल्या काही वर्षांतल्या प्रेमगीतांतला नायक घ्या. पोटापाण्याचा पत्ता नाही. तो पावसात भिजतो, खिडकीपाशी उभा राहतो, त्याचं मन पाखरू होतं. त्याच्याकडे अवजार नाही, हुकलेला हंगाम नाही, बाजारभाव नाही. त्याला 'मन', 'क्षण', 'स्पर्श', 'श्वास' एवढ्यावर भागवावं लागतं आणि भागतंही.

संतांचं तसं नव्हतं. तेराव्या शतकातले सावता माळी 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हणतात आणि त्याच अभंगात मोट, नाडा, विहीर, दोरी येते. नाडा म्हणजे मोट ओढायचा दोर, बागाईत करणाऱ्याचा शब्द. सेना न्हावी 'आम्ही वारीक वारीक' म्हणतात. वारीक म्हणजेच न्हावी, पुढे हजामत, आरसा, चिमटा सगळं ओळीने हजर. आणि नरहरी सोनार: 'देह बागेसरी जाणे, अंतरात्मा नाम सोने'. भजनाला बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना इथे राग आठवतो. रागाचा इथे काही संबंध नाही. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. पुढच्या चरणात मूस येते, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, तेव्हा शंका राहू नये. देह ही शेगडी, आत्मा हे सोनं, तीन गुणांची मूस. सोनारालाच सुचेल असं आहे. आमच्या सराफ बाजारात आता गॅसची ज्योत आहे, बागेसरी हा शब्द अभंगातच उरला.

लासलगावहून प्रतिसाद: सावतोबांनी कांदा आणला, पण भाऊ, प्रतवारी केली नाही. आमचे शब्द लिहून घ्या. गोल्टी: लहान, गोल कांदा, लिलावात त्याचा भाव वेगळा निघतो. जोड: एकाच सालात दोन कांदे. डेंगळा: कांदा पोसायचं सोडून फुलाचा दांडा वर काढतो, तो. असा कांदा टिकत नाही, व्यापारी ट्रॉलीत हात घालून आधी तोच वर काढून दाखवतो. चाळ: उन्हाळ कांदा साठवायची, खालून-बाजूने हवा खेळेल अशी केलेली. चाळ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना बिऱ्हाडं आठवतात, आम्हाला वास आठवतो.

सगळे घेतले. यातला 'डेंगळा' मला फार आवडला. वेळेआधी फुलून वाया गेलेल्या कुणालाही लागू पडेल.

पंचवटीतून प्रतिसाद: माझा शब्द 'सांडवा'. गोदावरीच्या पात्रातला ठेंगणा दगडी बांध. एरवी त्याच्यावरून पायी पलीकडे जाता येतं, पूर आला की पाणी त्याच्यावरून सांडतं. 'सांडव्यावरची देवी' म्हटलं की रिक्षावाला न विचारता नेतो. हा शब्द गाण्यात आहे का?

सांडवा नाही, पण त्याचं क्रियापद आहे, आणि फार मोठ्या गाण्यांत आहे. आज आपण दूध सांडतो, चहा सांडतो, फार तर धान्य. 'सांगत्ये ऐका' (1959) मधल्या लावणीत बुगडी सांडते. बुगडी हा कानाच्या वरच्या पाळीत घालायचा दागिना. घन वस्तू, एक नग, आणि ती सांडली. म्हणजे पडली, हरवली. आज कुणी 'माझा मोबाइल सांडला' म्हटलं तर हसतील. पण 'सांडणे' म्हणजे टाकणे, गळून जाणे हा जुना अर्थ आहे आणि लावणीने तो राखला.

त्याहून मागे जा. पसायदानात 'जे खळांची व्यंकटी सांडो'. दुष्टांचा वाकडेपणा गळून पडो, दुष्ट नव्हे. व्यंकटी म्हणजे वक्रता. शाळेत हात जोडून प्रत्येकाने म्हटलेला हा शब्द. त्या एका ओळीबाहेर तो तुम्ही कधी वापरलात? तिरुपतीच्या व्यंकटेशाशी त्याची सांगड घालणारे मी ऐकले आहेत. पुढे 'चला कल्पतरूंचे आरव' येतं. हल्ली पाळण्यात आरव नावाची पुष्कळ मुलं आहेत. ते नाव संस्कृतातल्या ध्वनीवरून ठेवलेलं असतं. पसायदानातले आरव म्हणजे उपवनं, कल्पवृक्षांच्या चालत्या बागा. आणि हे सगळं मागणं ज्या गुरूंपुढे मांडलं त्या निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, आपल्याच जिल्ह्यात.

पसायदान 'लोकप्रिय गाणं' धरायचं का, अशी शंका कुणी काढण्याआधी सांगतो: धरायचं. एवढे लोक तोंडपाठ म्हणतात अशी दुसरी रचना दाखवा.

सिडकोतून प्रतिसाद: डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा ना? त्यात दुर्मीळ काय?

नाही, गंमत तिथेच आहे. डोल हे जाळं आहे. तोंड रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं, पिशवीच्या घाटाचं. समुद्रात खुंट रोवून ते त्यांना बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी आत ढकलतो. बोंबील आणि जवळा मुख्यतः याच जाळ्यात सापडतात. ते जाळं लावणारा तो डोलकर. चाल इतकी हेलकावणारी आहे की ऐकणाऱ्याने स्वतःच अर्थ लावून घेतला. नाशिकला समुद्र नाही, म्हणून तुम्हाला माफ.

असंच होनाजी बाळाच्या भूपाळीत. 'उदयाचळी मित्र आला' हे ऐकून कृष्णाला उठवायला पेंद्या किंवा सुदामा आला असेल, असं लहानपणी वाटायचं. मित्र म्हणजे सूर्य. उदयाचळ म्हणजे उगवतीचा डोंगर. अर्थ लागतो तो एवढ्यानेच.

येवल्याहून प्रतिसाद: पैठणी गाण्यात भरपूर आहे, पण माग नाही. धोटा लिहा. आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो. आणि 'मराठी बाणा' म्हणून छाती पुढे काढणाऱ्यांना सांगा, आमच्याकडे उभा धागा तो ताणा आणि आडवा तो बाणा.

लिहिला. पैठणीच्या गाण्यात नेसणारी असते, विणणारा नसतो, हा तुमचा मुद्दा माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. फक्त तो बाणा आणि हा बाणा एकच शब्द आहे असं कुणी समजू नका, दोन्हींची मुळं वेगळी धरलेली बरी.

नाशिक रोडवरून प्रतिसाद: 'क्युसेक' (सेकंदाला एक घनफूट पाणी) चालेल का? मराठी नाही, पण पावसाळ्यात आमच्याकडे आजीसुद्धा विचारते, "गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं?"

चालेल. जिवंत असण्याची अट आजीने पुरी केली. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे माप तर आहेच, पण आता बातमी क्युसेकमध्येच येते. 'विसर्ग'ही सोबत घ्या. शाळेत तो अक्षरापुढच्या दोन टिंबांचा होता, आता धरणाच्या दरवाज्यांचा झालाय.

बहिणाबाईंवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून मीच टाकतो. 'वढाय' म्हणजे ओढाळ, हाकललं तरी पिकात शिरणारं जनावर. मनाला ती उपमा त्यांना दिसली, कारण उभ्या पिकातलं ढोर त्यांनी स्वतः हाकललेलं होतं. जात्याला 'घरोट' हा शब्दही त्यांच्याच कवितेत. मालेगाव, सटाण्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्यांना यात नवीन काही नाही, त्यांनी हसू नये.

अजून पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून कुणी लिहिलेलं नाही. तिकडे नाचणीला नागली म्हणतात, भाताचं रोप म्हणजे आवण, आणि पावसाआधी रोपाची जागा भाजतात तो राब. लावणी करताना बायका जी गाणी म्हणतात त्यांत हे शब्द येतात का? कुणी ऐकली असतील तर ओळ जशी ऐकली तशीच लिहा, प्रमाण मराठीत बसवू नका.