शब्दचर्चा: कारखान्याने भरायचं ते 'शुल्क' की 'दंड'?

नव्वदच्या दशकातल्या पोलंडवरचा लेख मराठीत करतोय. तिथे कारखाने हवेत सोडलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या दर टनामागे पैसे भरायचे, परवान्यातली मर्यादा पाळली तरी. मी 'दंड' लिहिलं, संपादक म्हणतात 'शुल्क' करा. काय फरक पडतो? पैसे गेले ते गेलेच ना! आणि ट्रान्झिशन इकॉनॉमीला, म्हणजे सरकारी अर्थव्यवस्थेकडून बाजाराकडे वळणाऱ्या देशांच्या अर्थव्यवस्थेला, काय म्हणायचं? 'संक्रमण' लिहिलं की कोविडच आठवतो.

—

पडतो की फरक. तिथे दोन्ही होतं, मर्यादेच्या आत राहून भरायचं ते शुल्क आणि मर्यादा ओलांडली की दंड, तोही शुल्काच्या कितीतरी पट. शिवाय हे पैसे तिजोरीत गडप व्हायचे नाहीत, 1989 ला राष्ट्रीय पर्यावरण निधी काढला होता, त्यात आणि प्रांतांच्या निधीत जायचे आणि तिथून कारखान्यांनाच कमी व्याजाने कर्ज मिळायचं, काम वेळेत पुरं केलं तर त्यातलं थोडं माफसुद्धा. सगळीकडे 'दंड' लिहिलंत तर वाचणाऱ्याला यातलं काय कळणार?

—

पण नुसत्या शुल्काने कारखानदार हलले असं नका समजू. शुल्क कम्युनिस्ट काळातही होतंच, पण कारखाना सरकारचा, घेणारंही सरकार, या खिशातून त्या खिशात, आणि तोटा आला तर वरून भरपाई. हंगेरीच्या यानोश कोर्नाई या अर्थशास्त्रज्ञाने याला सॉफ्ट बजेट कन्स्ट्रेंट म्हटलंय. 'शिथिल अर्थसंकल्पीय मर्यादा' वगैरे जडजंबाल लिहिण्यापेक्षा मी 'ढिली थैली' लिहितो. ती थैली आवळली गेली तेव्हा कुठे शुल्क टोचायला लागलं.

आणि चेकचं वेगळंच. 1991 च्या कायद्याने जुन्या वीजकेंद्रांना 1998 अखेरची मुदत दिली, मर्यादेत या नाहीतर बंद करा. उत्तर बोहेमियात लिग्नाइट, म्हणजे हलक्या प्रतीचा कोळसा, जाळून जाळून डोंगरावरची जंगलं वाळली होती, लोक पेटलेले, त्यामुळे मुदत काही पुढे ढकलली गेली नाही. चेझ या तिथल्या वीजकंपनीने काही युनिट बंद केली, बाकीच्यांना डिसल्फरायझेशन बसवलं, म्हणजे धूर चुनखडीच्या पाण्याने धुवायचा, खाली जिप्सम मिळतं. तिथे शुल्कापेक्षा तारखेची भीती जास्त.

—

'स्थित्यंतरातली अर्थव्यवस्था' कसं वाटतं? थोडं लांब आहे, पण कोविड नाही आठवत. आणि लेखात युरोपियन युनियन येऊ द्या, 2004 ला पोलंड-चेक दोघंही आत गेले, त्याआधी तिथले नियम अंगाला लावून घ्यायचे म्हणून बराच खर्च झालाय, त्याला शुल्कही म्हणता येत नाही आणि दंडही.